टेलरबाईंचा तबेला

टेलरबाईंकडे पहिल्यांदा कपडे टाकायला आलेलं माणूस अंगणात उभं राहून हमखास विचारायचं, "बाई, आत यायचं कुठल्या दारानं?" विचारणाऱ्याची चूक नव्हती. समोर एका रांगेत सात दारं होती, सातही सारखी, आणि सातही मधोमध आडवी कापलेली. वरचा अर्धा भाग उघडला तरी खालचा बंद राहायचा. कुठल्या तरी एका दाराच्या वरच्या अर्ध्यातून बाईंचं डोकं बाहेर यायचं. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या न काढताच त्या म्हणायच्या, "या, शेवटच्या दारानं या. बाकी आमचा संसार आहे."

ती इमारत मुळात घोड्यांसाठी बांधलेली. गावाबाहेरच्या मोठ्या बंगल्याचा तबेला. दगडी भिंती, कौलारू छप्पर, वर गवत ठेवायचा माळा, आणि खाली सात घोड्यांची सात ठाणं. बाईंचे सासरे, म्हणजे आबा, त्या बंगल्यावर मोतद्दार होते. चाळीस वर्षं त्यांनी घोड्यांना चारा-पाणी केलं, खरारा केला, आजारपणं काढली. बंगल्याच्या मालकांनी एकेक मोटार घेतली तसा एकेक घोडा गेला, आणि शेवटी एकच घोडी उरली. रंगानं पांढुरकी, अंगभर मिऱ्यांएवढे काळे ठिपके, म्हणून तिला मिरी म्हणत. पुढे मालकांनी बंगलाही विकला. जाताना त्यांनी तबेला आबांच्या नावावर करून दिला, चाळीस वर्षांची आठवण म्हणून. घोडी मात्र नदीपलीकडच्या एका वीटभट्टीवाल्याला दिली.

आबांनी मागितली असती तर घोडीही मिळाली असती, असं सगळे म्हणत. पण आबांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. घोडी नेली त्या दिवशी त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, दोर नेणाऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "डाव्या बाजूनं जवळ जात जा. उजवीकडून बुजते." एवढंच.

तेव्हा टेलरबाई, त्यांचा नवरा आणि चार वर्षांची लेक पिठाच्या गिरणीमागे दोन खोल्यांत राहत होती. नवरा वीज कंपनीत वायरमन. बाईंचं मशीन स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. गिरणी सुरू झाली की पिठाचा धुरळा फटीफटीतून आत यायचा. काळा कोट शिवायला घेतला की संध्याकाळपर्यंत तो करडा व्हायचा. माप घ्यायला आलेल्या बाया दोरीवर टाकलेल्या चादरीआड कपडे बदलायच्या आणि पलीकडे शेगडीवर काहीतरी करपायचं. लग्नानंतरची नऊ वर्षं बाईंनी अशीच काढली. त्यांचं मागणं एकच होतं. एक खोली हवी. लख्ख उजेडाची, दार लावून घेता येईल अशी, आणि जिथे पीठ नाही, फोडणी नाही.

घरमालकानं खोल्या परत मागितल्या तेव्हा वायरमन म्हणाले, "आबांच्या तबेल्यात जाऊ या."

"घोड्यांच्या?"

"घोडे नाहीत आता."

"वास आहे ना पण!"

वास होताच.

आबांनी सुनेला तबेला असा फिरवून दाखवला, जसं कुणी नव्या पाहुण्याला राजवाडा दाखवावा. ही गव्हाण, इथे दाणा घालायचा. ही भिंतीतली कडी, इथे बांधायचं. जमीन मुद्दाम मध्ये उतरती ठेवलेली, पाणी वाहून जावं म्हणून. लेकीच्या हातातला चेंडू सुटला तो घरंगळत जाऊन नाल्यात पडला. तिनं तो उचलून आणला, परत सोडला, परत घरंगळला. तिला ते घर तिथल्या तिथे आवडलं.

"सूनबाई, सात जणांची सोय आहे इथे," आबा म्हणाले. "तुम्ही तीनच आहात. ऐसपैस व्हाल."

"आणि तुम्ही?"

"मी वर माळ्यावर. मला सवय आहे."

"गुडघे दुखतात तुमचे. शिडी चढायची नाही. दुसरं दार तुमचं," बाईंनी तिथेच सांगून टाकलं. घर अजून घरही झालं नव्हतं, तोवर त्यांनी खोल्या वाटून टाकल्या होत्या.

एका वर्षात होईल म्हणून काढलेलं काम तीन वर्षं चाललं. गवंडी आला आणि उतरत्या जमिनीकडे बघून त्यानं हात टेकले. भराव घातला, फरशी बसवली, तरी पलंगाच्या दोन पायांखाली कायमच्या पाचरी राहिल्या. तिसऱ्या आणि चौथ्या ठाणामधली भिंत पाडून झोपायची खोली केली. पाचव्यात न्हाणीघर. पहिल्यात स्वयंपाकघर, आणि तिथली दगडी गव्हाण आबांनी कुणाला फोडू दिली नाही, म्हणून तिलाच नळ जोडून भांडी घासायची मोरी केली. खोल, लांबरुंद, एका वेळी सगळ्या घराची भांडी मावतील अशी. गावातल्या बाया ती बघायला येत आणि जाताना आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारत.

सगळ्यात मागे राहिली ती वीज. वायरमन दिवसभर गावाच्या तारा जोडायचे आणि घरी आले की म्हणायचे, "उद्या नक्की." बाईंनी दीड वर्ष कंदिलावर काढलं. शेवटी एकदा त्यांनी वीज कंपनीच्या कचेरीत रीतसर तक्रार अर्ज दिला. अर्जदाराचं नाव, आणि पत्ता म्हणून 'तबेला, गावाबाहेर'. साहेबानं तो अर्ज वायरमनच्याच हातात ठेवला. त्या रविवारी घरात दिवे लागले.

या सगळ्यात आबा आणि सुनेचं बरं चाललं होतं. खटका उडाला तो सातव्या ठाणावरून.

सातवं ठाण म्हणजे रांगेतलं शेवटचं. तिथे मिरी असायची. घोडी गेल्यापासून आबांनी त्याचं खालचं-वरचं दोन्ही दार लावून घेतलं होतं आणि आत पाऊल टाकलं नव्हतं. आणि नेमकं तेच ठाण बाईंना हवं होतं, कारण टोकाची भिंत मोकळी होती. तिथे मोठी खिडकी पाडली तर दिवसभर उत्तरेचा उजेड मिळणार होता, सावली न पाडणारा, कापडाचा खरा रंग दाखवणारा. सहावं आणि सातवं मिळून बाईंची खोली.

"सूनबाई, ते एक सोडून बाकीचं घे," आबा म्हणाले.

"आबा, उजेड तिथेच आहे हो."

"दिवे लावलेत ना आता."

"दिव्याखाली निळं काळं दिसतं. गेल्या महिन्यात मी शाळेच्या अकरा पोरींच्या स्कर्टांना काळे खिसे लावले. उसवता उसवता नाकीनऊ आले."

आबा उठून अंगणात गेले. बाईंची मान ताठच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या तेव्हा सातव्याची दोन्ही दारं उघडी होती. आतलं सगळं झाडून बाहेर काढलेलं. भिंतीतली कडी तेवढी होती, कारण ती दगडात शिसं ओतून बसवलेली होती. आबा अंगणात पाठमोरे बसून जुना लगाम पुसत होते.

"आबा, चहा," बाई म्हणाल्या.

"ठेव," आबा म्हणाले. आणि मग आठवडाभर तेवढंच बोलले. ठेव, नको, असू दे.

बाईंना वाईट वाटलं नाही असं नाही. पण खोली उभी राहत गेली तसं ते वाईट वाटणं मागे पडत गेलं. पांढऱ्याशुभ्र भिंती. भिंतभर खिडकी. कापड कापायला लांब टेबल. कोपऱ्यात पडदा लावून कपडे बदलायची जागा आणि पुढे माणूसभर उंचीचा आरसा. पहिल्या दिवशी बाईंनी दार लावून घेतलं आणि काही न शिवता अर्धा तास नुसत्या खुर्चीवर बसून राहिल्या. बाहेरून लेक दार वाजवत होती, तिलाही त्यांनी ओ दिली नाही.

मिरी परत आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, एका दुपारी.

त्या दुपारी गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. भावाच्या लग्नासाठी त्यांनी सायीच्या रंगाचा लांब रेशमी झगा शिवायला टाकला होता, आणि त्या दिवशी तो अंगावर चढवून बघायचा होता. बाईंनी त्यांना आरशापुढे उभं केलं, आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत टाचण्याच टाचण्या लावल्या. "आता हलू नका. श्वाससुद्धा बेतानं घ्या," असं म्हणून त्या घेर बघायला गुडघ्यांवर बसल्या. दाराचा वरचा भाग वाऱ्यासाठी उघडा होता, खालच्याला कडी होती.

कडी वाजली. बाईंना वाटलं लेक असेल. "आत यायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलंय?" त्या वळून न बघताच म्हणाल्या.

"टेलरबाई," डॉक्टरीणबाई ओठ न हलवता म्हणाल्या, "घोडा."

मिरी आत आली होती. खालच्या दाराची कडी ओठांनी उचलायची कला तिच्यात होतीच. पण नऊ किलोमीटर रस्ता, त्यातला नदीवरचा पूल, बाजाराचा चौक, हे सगळं पार करून ती एकटी कशी आली, हे कुणालाच कधी कळलं नाही. ती सरळ आपल्या ठाणात आली, वळली, आणि जिथे पूर्वी गव्हाण होती तिथे तोंड घातलं. तिथे आता डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. रेशमी बाहीवर हातभर हिरवट ओला डाग पडला.

"बाहेर!" बाई ओरडल्या. "आधी बाहेर हो! हाड! अगं बाई गं, माझं कापड!"

घोडी हलली नाही. आरशात तिला आणखी एक घोडी दिसत होती, तिच्याकडे ती बघत राहिली. डॉक्टरीणबाईंना पळता येत नव्हतं, कारण जराशी हालचाल केली की कुठली ना कुठली टाचणी बोचत होती. त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या, आणि बघता बघता त्यांच्यातली डॉक्टर जागी झाली.

"टेलरबाई, ओरडू नका. हिच्या छातीवर जखम आहे. पट्ट्यानं घासलंय. चिघळलंय चांगलंच."

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा घोडीकडे नीट पाहिलं. पाहिली होती त्यांनी तिला पूर्वी, भरलेल्या अंगाची, चकाकत्या पाठीची. ही तीच होती हे ठिपक्यांवरून कळत होतं, एवढंच. बरगड्या मोजता येत होत्या.

इतक्यात आबा आले. दुकानातून साबण घेऊन येत होते, तो हातातच राहिला. ते दारात उभे राहिले. घोडीनं मान वळवली आणि नाकातल्या नाकात बारीक आवाज केला.

"आलीस?" आबा म्हणाले.

मग त्यांनी खोलीकडे पाहिलं. पांढऱ्या भिंती, टेबल, डाग पडलेलं रेशीम, सुनेचा लाल झालेला चेहरा. त्यांनी घोडीच्या आयाळीत बोटं अडकवली आणि हळूच म्हणाले, "चल. ही आपली जागा नाही आता." आणि ती मुकाट्यानं त्यांच्या मागोमाग बाहेर गेली.

ते वाक्य बाईंना जे लागलं ते टाचणीसारखं लागलं. कुणी ओरडलं असतं तर त्यांनी चार शब्द परत केले असते. हे परत कुठे करायचं?

डॉक्टरीणबाई झगा उतरवून बाहेर आल्या, गरम पाणी मागितलं आणि अंगणात घोडीची जखम धुतली. संध्याकाळी वीटभट्टीवाला टेम्पो घेऊन हजर झाला. वाईट माणूस नव्हता तो. दिवसभर घोडी शोधून त्याचा चेहरा विटेसारखाच झाला होता. आबांनी स्वतः घोडीला टेम्पोत चढवलं. "मागचा डावा नाल सैल झालाय," ते त्याला म्हणाले. "आणि ही जखम सुकेपर्यंत छातीला पट्टा लावू नका." रात्रीचं जेवण त्यांनी केलं नाही. पोट जड आहे म्हणाले.

अकरा दिवसांनी मिरी पुन्हा आली. या वेळी सकाळी, शाळा भरायच्या वेळेला. बाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. घोडी त्यांच्या शेजारून गेली, सातव्या दारापाशी थांबली, आत गेली नाही. खालच्या दारावर मान टेकून नुसती उभी राहिली. बाईंनी हातातली चादर तशीच टोपलीत टाकली. उजवीकडून बुजते, हे त्यांना आठवत होतं. त्या डाव्या बाजूनं गेल्या आणि तिच्या मानेवर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी घोड्याला हात लावला होता. मान ऊन होती, आणि कातडी माशी बसल्यासारखी थरथरत होती.

"आबा," त्यांनी हाक मारली, "तुमच्याकडे पाहुणी आलीय."

वीटभट्टीवाला दोन दिवसांनी आला, तोही रिकाम्या हातानं. टेम्पो नाही, दोर नाही. अंगणातल्या दगडावर बसला आणि पाणी प्यायला.

"बाई, खरं सांगू का, मला ही आता झेपत नाही. ओढायला लावलं की थांबते, सोडली की इकडे पळते. परवा एका ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून वाचली. मी ट्रॅक्टर घेतोय. हिला न्यायला एक जण पुढच्या शनिवारी येणार आहे."

"कुठे नेणार?" बाईंनी विचारलं.

तो ग्लासाच्या तळाशी बघत राहिला. आबा उठले आणि आपल्या खोलीत गेले. दाराचं खालचं लावलं, मग वरचंही.

बाईंना कळलं की म्हातारा याही वेळी काही मागणार नाही. मालकाकडे मागितलं नाही, वीटवाल्याकडे मागणार नाही, आणि सुनेकडे तर नाहीच नाही.

"तुमच्या कच्च्या विटा पावसात भिजतात का हो?" बाईंनी एकदम विचारलं.

वीटवाला गोंधळला. "भिजतात म्हणजे? दर वर्षी चिखल होतो. फाटक्या ताडपत्र्या आहेत सगळ्या."

"कापड तुम्ही आणून टाका. सहा मोठ्या ताडपत्र्या मी शिवून देते. दुहेरी शिवण, कडेला पट्टी, रिंगा बसवून. दहा वर्षांत उसवली तर आणून माझ्या अंगावर फेका. घोडी इथेच राहील."

वीटवाल्यानं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा खोलीतल्या त्या नाजूक मशीनकडे. "तुमच्या मशीनला होईल?"

"ते माझं मी बघते."

मशीनला होत नव्हतं. पहिल्याच दिवशी चार सुया मोडल्या. ताडपत्रीचं कापड जाड, ताठ, मेणचट, टेबलावर मावेना म्हणून अंगणात पसरलेलं. दोन पदर कसेबसे शिवले जात, पण कडेला जिथे चार पदर एकत्र येत तिथे मशीन कुंथायचं आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचवी सुई मोडली, तिचा तुकडा उडून बाईंच्या गालाला लागला, आणि त्या तशाच त्या काळ्या ढिगात मांडी घालून बसल्या. रडल्या नाहीत, पण जवळ आलं होतं.

तेव्हा आबांची पेटी उघडल्याचा आवाज आला. आबा बाहेर आले ते हातात आरी, दोन दाभणं आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं बंडल घेऊन. खाली बसले, कापडाची कड दोन्ही गुडघ्यांत धरली, आरीनं भोक पाडलं, एक दाभण इकडून, दुसरं तिकडून, आणि दोन्ही हात दोन बाजूंना ताणून टाका आवळला. दुसरा टाका. तिसरा. सगळे एका मापाचे, जणू पट्टी लावून घातलेले.

बाई बघतच राहिल्या. "आबा, हे कुठे शिकलात?"

"खोगीर कोण शिवत होतं मग? शिंपी बोलावत होतो का घोड्यांना?"

"बारा वर्षं मी तुमच्यासमोर शिवतेय. कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस. आणि तुझं काम नाजूक. माझे हात बघ."

ते हात खरंच फावड्यासारखे होते. बाईंनी हात पुढे केला. "द्या एक दाभण. दाखवा."

सहा दिवस सासरा आणि सून अंगणात समोरासमोर बसून शिवत होते. लांब सरळ शिवण बाई मशीनवर घालत, कडा आणि कोपरे आबा हातानं. शाळेचे गणवेश मागे पडले, मुख्याध्यापिका दोनदा येऊन गेल्या, त्यांनाही बाईंनी रिंगा ठोकायला बसवलं. या सहा दिवसांत आबा जेवढं बोलले तेवढं बारा वर्षांत बोलले नव्हते. मिरी जन्मली तेव्हा मागचे पाय आधी आले होते आणि आपण पहाटेपर्यंत कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो, हे सांगितलं. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात याच घोडीच्या ठाणात आपण झोपत होतो, हेही सांगितलं, अगदी खाली बघून, टाका आवळता आवळता. बाईंच्या हातातलं दाभण थांबलं.

"मग ते ठाण मला कशाला दिलंत, आबा?"

"तुला उजेड हवा होता ना."

बाईंना दिसेना म्हणून त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, पण तरी दिसेना.

शुक्रवारी सहाही ताडपत्र्या तयार झाल्या. वीटवाल्यानं एक उलगडून कोपरा हातानं ओढून पाहिला, मग पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढला. "हे आमच्यानंतरही टिकेल," म्हणाला, आणि शनिवारच्या माणसाला येऊ नको म्हणून निरोप धाडायला गेला.

आता प्रश्न आला, घोडी ठेवायची कुठे. त्या संध्याकाळी चौघं स्वयंपाकघरात बसली होती.

"खोली मोकळी करते मी," बाई म्हणाल्या. "मशीन परत इथे आणू. पीठ तर नाही ना इथे."

"त्या खोलीला हात लावायचा नाही," आबा म्हणाले. इतक्या मोठ्यानं म्हणाले की लेकीनं घास घ्यायचा थांबवला. "खोली तुझी आहे. घोडी कुठेही राहील."

"ती तिचीच जागा आहे, आबा."

"होती."

"अहो पण..."

"नाही म्हणजे नाही!"

एका खोलीवरून दोघं भांडत होते, आणि दोघांनाही ती दुसऱ्याला द्यायची होती. वायरमननी ताट बाजूला सारलं. ते म्हणाले, "टोकाच्या भिंतीला लागून बाहेरून एकपाखी छप्पर काढू. ठाणाच्या शेजारीच झालं. वीज कंपनीचे जुने लाकडी खांब पडलेत, साहेबांना विचारतो."

"अहो, त्या भिंतीत माझी खिडकी आहे."

"हो. खिडकी अंधारेल," वायरमन म्हणाले. "तिच्यातून घोडी दिसेल फक्त."

मग वायरमन पुन्हा म्हणाले, "पण त्या टोकाला माळा नाही, वर कौलंच आहेत ना? मी रोज खांबावर चढतो, छपरावर चढायला काय जातंय? दहा-बारा कौलं काढून काचेची बसवू. उजेड वरून येईल."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"उद्या नक्की," वायरमन म्हणाले, आणि आबांसकट सगळे हसत सुटले.

या वेळी मात्र ते खरोखर उद्याच झालं. दोन रविवारांत खांब उभे राहिले, छप्पर पडलं, आणि बाईंच्या खोलीत वरून उजेडाचे बारा चौकोन उतरले. उत्तरेच्या खिडकीची सर त्याला नव्हती, हे बाई खाजगीत कबूल करत. उन्हाळ्यात भर दुपारी तिथे बसवत नसे, कौलांखाली चादर बांधावी लागे. पण खिडकीत आता कायम एक लांब पांढुरकं तोंड असायचं. आरशापुढे उभ्या राहिलेल्या बाया तिला विचारायच्या, "कसा दिसतो गं?" मिरीनं कान मागे टाकले की बाई म्हणायच्या, "खांद्यात सैल आहे म्हणते." डॉक्टरीणबाईंना नवी बाही बिनतक्रार मिळाली. त्या दर पंधरा दिवसांनी जखम बघायला येत, आणि त्या निमित्तानं त्यांचे चार कपडेही शिवून होत.

मिरी आणखी पाच वर्षं जगली. तिनं काही ओढलं नाही, काही वाहिलं नाही. लेकीला पाठीवर घेऊन नदीपर्यंत जायची आणि आबांबरोबर परत यायची, तीही आबांच्या गुडघ्यांच्या चालीनं. एका हिवाळ्यात सकाळी आबा दाणा घेऊन गेले तेव्हा ती आडवी झाली होती. घोडं आडवं झालं आणि उठेना, याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. डॉक्टरीणबाई आल्या, बसल्या, काही करण्यासारखं नव्हतं. दुपारच्या आत ती गेली. बंगल्यामागच्या माळावर खड्डा खणायला वीटवाल्यानं आपला ट्रॅक्टर पाठवला, बरोबर स्वतः आला, आणि टोपी हातात धरून शेवटपर्यंत उभा राहिला.

त्यानंतर आबा आठ दिवस त्या एकपाखीत नुसते बसून असायचे. बाईंनी त्यांना उठा म्हटलं नाही, जेवा म्हटलं, तेही एकदाच. थाळी नेऊन ठेवायच्या आणि खिडकीच्या अलीकडे आपलं मशीन चालवत राहायच्या, एरवीपेक्षा जरा जास्तच वेळ, म्हणजे आवाज चालू राहावा.

नवव्या दिवशी सकाळी शेवटच्या दाराचा खालचा भाग उघडला. आबा आत आले. दाढी केलेली होती. हातात आरी आणि दाभणांची पेटी. टेबलाखालचं स्टूल त्यांनी पायानं ओढलं आणि बसले.

"सूनबाई, जाड काही असेल तर इकडे टाक."

बाईंकडे जाड काहीच नव्हतं. शाळेचे शर्ट होते, एक उशीचा अभ्रा होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग खुंटीवरचा नवऱ्याचा कामाचा कोट काढला, चांगला धडधाकट, आणि पाठ वळवून कात्रीनं त्याचा खिसा आणि तीन बटणं तोडली.

"हा बघा ना," त्या म्हणाल्या. "पार गेलाय. खांबावर चढतात, काही जपत नाहीत."

आबांनी कोट हातात घेतला, कात्रीनं कापलेले ते ताजे दोरे अंगठ्यानं कुरवाळले, सुनेकडे एकदा पाहिलं, आणि दोऱ्याला मेण लावायला घेतलं.